टोकियोतील महागडी कॉफी: एक कप की दोन?

नाशिकच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, नोव्हेंबरमध्ये त्या पती आणि सासूबाईंसह पाच दिवस टोकियोला जाणार आहेत. तिथल्या एखाद्या नामांकित स्पेशालिटी कॉफीच्या दुकानात जायची यजमानांची फार इच्छा आहे. परंतु एका कपाला अडीच हजार येन मोजणे शहाणपणाचे आहे का, तिथे नेमके काय मागायचे, आणि घरी दूध, साखर, जायफळ घातलेली कॉफी पिणाऱ्यांना त्यातले काही कळणार आहे का? गेली अठरा वर्षे पुण्यात कॉफी भाजण्याचा आणि चाखण्याचा व्यवसाय करतो आहे, आणि कामानिमित्त टोकियोला चार वेळा जाणेही झाले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. दुकानात जरूर जा, पण अडीच हजारांचा तो एक कप घेऊ नका. तेवढ्याच किंवा थोड्या कमी पैशांत हजार-बाराशे येनचे दोन कप घ्या, दोघांनी एकाच वेळी मागवा, आणि त्या दोन कपांत शक्यतो एकाच गोष्टीचा फरक असेल अशी निवड करा. देवगडचा हापूस आणि पायरी वेगवेगळ्या दिवशी खाल्ले तर दोन्ही ‘आंबा छान होता’ एवढ्यावरच आटोपतात. फोडी एकाच ताटलीत शेजारी ठेवल्या की ज्याला आंब्यातले काही कळत नाही असा माणूसही बोलू लागतो. कॉफीचे अगदी तसेच आहे. एकटा कप, मग तो कितीही उंची असो, नवख्या जिभेला ‘पातळ आणि जरा आंबट’ एवढेच सांगतो. दोन कप शेजारी आले की तीच जीभ आपोआप तुलना करू लागते.

फरक कोणता मागायचा, तर माझ्या मते प्रक्रियेचा. कॉफीचे फळ तोडल्यावर त्याची साल व गर काढून, उरलेला चिकट थर आंबवून, धुऊन मग बी वाळवली तर तिला ‘वॉश्ड’ म्हणतात. अख्खे फळच उन्हात वाळवून नंतर बी काढली तर ती ‘नॅचरल’. एकाच मळ्याची, एकाच जातीची या दोन्ही प्रकारची कॉफी दुकानात असेल तर दुसरे काही पाहू नका. नसेल तर इथिओपियाची एक वॉश्ड आणि एक नॅचरल घ्या. वॉश्ड कपात लिंबाच्या फुलाकडे किंवा चहाकडे झुकणारा स्वच्छ स्वाद येतो, तर नॅचरलमध्ये जास्त पिकलेल्या फळाचा, कधी कधी चक्क मनुका भिजवलेल्या पाण्याचा वास येतो. हे ओळखायला तज्ज्ञ असावे लागत नाही.

आता किमतीबद्दल, कारण प्रश्नात खरी अडचण तीच आहे. अडीच हजार येन म्हणजे आपले साधारण चौदा-पंधराशे रुपये. यादीत इतका महाग कप बहुधा पनामाच्या गेशाचा असतो. ही जात मूळची इथिओपियाची. टांझानिया आणि कोस्टा रिकामार्गे ती पनामाला पोहोचली आणि तिथे कित्येक वर्षे दुर्लक्षित राहिली. २००४ मध्ये बोकेते भागातल्या ‘हासिएंदा ला एस्मेराल्दा’ या मळ्याने ती वेगळी काढून पनामाच्या स्पर्धेत ठेवली, तेव्हा परीक्षकांना कपात जाईचा आणि संत्र्याच्या सालीचा सुगंध आला, आणि लिलावात तिला पौंडाला २१ डॉलर असा त्या काळी अचाट वाटणारा भाव मिळाला. २०२५ च्या लिलावात त्याच मळ्याच्या एका वॉश्ड गेशाला किलोला ३०,२०४ डॉलर पडले. भाजताना बी आपले साधारण सातवा हिस्सा वजन गमावते, म्हणजे पंधरा ग्रॅम भाजलेल्या कॉफीसाठी सुमारे साडेसतरा ग्रॅम कच्ची बी लागते. या भावाने एका कपातली नुसती बीच पाचशे डॉलरच्या पुढे जाते. तेव्हा अडीच हजार येनच्या कपात ती कॉफी असणे शक्यच नाही, हे उघड आहे. यादीवर मळ्याचे नाव तेच असेल आणि ते खोटेही नसेल, पण लिलावाचा गठ्ठा वेगळा आणि त्याच मळ्याचे नेहमीचे पीक वेगळे. नावाला भुलून जास्त पैसे देणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

मग पैसे कशाचे जातात? समजा, कच्ची बी किलोला शंभर डॉलरची आहे, जी व्यवसायाच्या हिशेबाने फारच महाग झाली; तरी कपामागे बीचा खर्च पावणेदोन डॉलरच होतो. उरलेली रक्कम जागेच्या भाड्याची, आणि मुख्यतः एका प्रशिक्षित माणसाने पाच-सात मिनिटे फक्त तुमच्यासाठी दिल्याची असते. त्या माणसाशी बोलला नाहीत तर निम्मे पैसे वाया गेले असे समजा.

‘स्पेशालिटी’ या शब्दाविषयी एवढेच सांगतो की तो सजावटीचा शब्द नाही. १९७४ मध्ये एर्ना नुट्सेन या अमेरिकेतल्या कॉफी व्यापारी बाईंनी तो एका व्यापारी नियतकालिकात वापरला, आणि पुढे शंभरपैकी ऐंशी व त्याहून अधिक गुण मिळवणारी कॉफी म्हणजे स्पेशालिटी असा संकेत रूढ झाला. बारीक भेद पुष्कळ आहेत, तुम्हाला त्यांची गरज पडणार नाही.

दुकाने कोणती, हे विचारलेले नाही, पण न सांगता उत्तर अपुरे राहील. टोकियोच्या भुयारी रेल्वेची जांभळी हान्झोमोन मार्गिका धरली तर तीन ठिकाणे एका रेषेत येतात. जिम्बोचो स्थानकाजवळ ‘ग्लिच कॉफी’ आहे; २०१५ मध्ये सुरू झालेले हे दुकान हलक्या भाजणीसाठी आणि एकाच मळ्याच्या, न मिसळलेल्या कॉफीसाठी ओळखले जाते. जिम्बोचो म्हणजे जुन्या पुस्तकांची पेठ. अप्पा बळवंत चौक आणि डेक्कनवरची रद्दीची दुकाने एकत्र करून दहापट केली तर जे होईल ते, त्यामुळे माझा तिथे निम्मा वेळ भलतीकडेच जातो. ओमोतेसांदो स्थानकाजवळ ‘कॉफी मामेया’ आहे. मामेया म्हणजे बियांचे दुकान. एका जुन्या घरात चालणारे ‘ओमोतेसांदो कॉफी’ २०१५ च्या अखेरीस बंद झाले आणि २०१७ मध्ये त्याच जागी हे उभे राहिले. इथे बसायला जागा नाही. फळीपलीकडे उभ्या माणसाशी बोलायचे, हलक्यापासून गडद भाजणीपर्यंत लावलेल्या यादीतून निवडायचे, आणि हवी तर बी विकत घ्यायची. बीसोबत ती घरी कशी करायची याची कृतीही देतात. तिसरे, कियोसुमी-शिराकावा भागात याच मंडळींचे ‘काकेरू’. तिथे बसवून, एकामागून एक पेये देत, जेवणाच्या पंगतीसारखा क्रम असतो आणि त्यासाठी आधी जागा राखून ठेवावी लागते. वेळा व आरक्षणाचे नियम निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्या, कारण ते बदलत राहतात.

पाच दिवसांत यातले एकच निवडा. तुमच्यासाठी मी मामेया किंवा ग्लिच सुचवेन, काकेरू नाही. एकाच बैठकीत चार-पाच पेये समजून घ्यायला जिभेला थोडी सवय लागते, आणि सवय नसताना तिसऱ्या पेल्यानंतर माणूस केवळ सौजन्याने मान डोलवत राहतो.

फळीपाशी गेल्यावर काय होते ते माहीत असले की संकोच कमी होतो, म्हणून एक प्रसंग जसा पाहिला तसा सांगतो. सहा खुर्च्यांचे एक लहानसे दुकान होते. मी मागितलेल्या दोन कॉफींच्या बिया तिथल्या मुलीने दोन काचेच्या नळ्यांतून आणून आधी मला हुंगायला दिल्या. मग पंधरा ग्रॅम बी तोलून काळ्या ताटलीत पसरली, बोटाने हलवत पाहिली, आणि इतरांहून फिकट दिसणाऱ्या दोन बिया चिमटीने उचलून बाजूला टाकल्या. कच्च्या फळातल्या बिया भाजल्यावरही फिकट राहतात आणि एक-दोन जरी गेल्या तरी कपात कच्च्या शेंगदाण्याची, कागदाची चव आणतात. दोन काढल्या म्हणून वजन पुन्हा पाहिले आणि दोन नव्या घातल्या. दळल्यावर पूड पुन्हा माझ्यापुढे धरली. गाळणीतला कागद गरम पाण्याने धुऊन ते पाणी फेकले, पूड घातली, चाळीस ग्रॅम पाणी गोल फिरवत सोडले आणि अर्धा मिनिट हात आवरला. तेवढ्यात पूड तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगली आणि मधोमध चिरली. ताज्या भाजलेल्या बीत अडकलेला कार्बन डायऑक्साइड असा बाहेर पडतो, आणि तो निघून जाईपर्यंत पाणी पुडीत नीट शिरत नाही. नंतर तीन हप्त्यांत दोनशे चाळीस ग्रॅमपर्यंत पाणी, एकूण अडीच मिनिटे. कपात ओतण्यापूर्वी तिने चमचाभर स्वतः चाखली. दुसऱ्या कॉफीचा कप तिने फेकून दिला आणि पुन्हा केला. का, ते विचारल्यावर ‘थोडी कडू’ एवढेच म्हणाली. माझ्या दुकानात मी तो कप दिला असता, हे कबूल करतो.

आता तुम्ही काय बोलायचे. नामांकित दुकानांत इंग्रजी बऱ्यापैकी चालते, तरी तीन जपानी शब्द उपयोगी पडतात: ‘आसाइरी’ म्हणजे हलकी भाजणी, ‘फुकाइरी’ म्हणजे गडद भाजणी आणि ‘ओसुसुमे’ म्हणजे तुमची शिफारस. पण शब्दांपेक्षा महत्त्वाचे हे की, घरी काय पिता ते खरे सांगा. ‘आम्ही रोज दूध, साखर आणि जायफळ घालून कॉफी पितो, काळी कॉफी क्वचित’ हे वाक्य सांगायला लाजू नका. आमच्या व्यवसायातल्या माणसाला याहून उपयोगी माहिती नसते. त्यावरून तो तुम्हाला गोडसर, कमी आंबट कॉफीपासून सुरुवात करून देईल. उलट ‘काहीही चालेल, उत्तम असेल ते द्या’ म्हणालात तर यादीतले सर्वांत महाग पुढे येण्याचा संभव अधिक, आणि त्यात त्याचा दोष नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. पहिल्या खेपेला मी नेमके तेच केले होते. आपणही या धंद्यातले आहोत हे दाखवण्याच्या हौसेने, एका दुकानात यादी न वाचताच सर्वांत महागड्या गेशावर बोट ठेवले. विमानतळाच्या गाडीला चाळीस मिनिटे उरली होती. कप आला तो वाफाळता, जीभ पोळली, सहा मिनिटांत संपवला आणि पळालो. त्या कॉफीतले मला आज काहीही आठवत नाही. पावती मात्र अजून पाकिटात आहे.

म्हणून निदान एक तास हाताशी ठेवून जा, आणि कप आल्याबरोबर पिऊ नका. साठ अंशांच्या वर जिभेला उष्णतेपलीकडे फारसे काही कळत नाही. पहिला घोट दोन-तीन मिनिटांनी, दुसरा कोमट झाल्यावर आणि शेवटचा जवळजवळ थंड झाल्यावर घ्या. चांगली कॉफी निवताना अधिक गोड लागते, आणि दोष असेल तर तोही याच वेळी उघडा पडतो. आंबटपणा लागेल, त्याने दचकू नका. तो नासलेपणाचा नाही, फळाचा आहे. कोकम सरबतातला आंबटपणा जसा आपल्याला खटकत नाही तसा हा दोन-चार घोटांनंतर खटकेनासा होतो. साखर मागायला बंदी नसते, परंतु अर्धा कप तरी साखरेविना पिऊन पाहा. अत्तर किंवा परफ्यूम लावून जाऊ नका, शेजारच्याचा कप त्याने वाया जातो. बक्षिसी ठेवायची नाही. जपानमध्ये ती पद्धत नाही. अनेक दुकानांत माणशी निदान एक पेय घ्यावे लागते, त्यामुळे दोघांनी दोन कप घेऊन अदलाबदल करणेच सोयीचे. तिथे बसून प्यायले तर दहा टक्के कर लागतो आणि सोबत नेले तर आठ टक्के, म्हणून पावतीवरचा आकडा दोन प्रकारचा दिसेल. शक्यतो सकाळी जा, पण खूप लवकर नको. टोकियोचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे, म्हणजे तिथल्या सकाळच्या नऊ वाजता पहिल्या-दुसऱ्या दिवशी तुमचे शरीर अजून पहाटेच्या साडेपाचात असते आणि जीभही.

सासूबाईंना मात्र यातले कुठलेच दुकान रुचेल असे मला वाटत नाही, आणि त्यांना आग्रह करू नये. त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी गिन्झाच्या आठव्या विभागातले ‘काफे द लाम्ब्र’ राखून ठेवा. शिम्बाशी स्थानकापासून चालत जाता येते. इचिरो सेकिगुची यांनी १९४८ मध्ये ते सुरू केले आणि २०१८ मध्ये वयाच्या एकशे तिसऱ्या वर्षी ते वारले. फक्त कॉफीचे दुकान, असे ते स्वतःविषयी पाटीवरच सांगते. खाण्याचे पदार्थ शोधू नका. इथली पद्धत स्पेशालिटीच्या आजच्या रिवाजाच्या बरोबर उलट आहे. गडद भाजणी, कित्येक वर्षे मुरवलेली कच्ची बी, आणि कागदाऐवजी फ्लॅनेलच्या कापडातून, अगदी बारीक धारेने गाळलेली दाट कॉफी. कापड तेलाचा अंश अडवत नाही, म्हणून ती जिभेवर जवळजवळ सायीसारखी जाणवते. आपल्याकडे जुन्या तांदळाची आणि मुरलेल्या लोणच्याची जी किंमत असते ती इथे जुन्या कॉफीची आहे. सासूबाईंसाठी ‘क्वीन अंबर’ मागवा: उभ्या दांड्याच्या काचेच्या पेल्यात थंड, गोड, काळी कॉफी आणि वर न मिसळता तरंगणारा दुधाचा थर. तो ढवळायचा नसतो, थरातूनच प्यायचा असतो. जायफळ नसेल, पण त्यांची तक्रार येणार नाही असा माझा अंदाज आहे. खरे सांगायचे तर पाच दिवसांत एकाच ठिकाणी जाणे शक्य असेल आणि तिघांनी मिळून जायचे असेल, तर नव्या दुकानांपेक्षा मी इथेच जाईन.

राहता राहिले सोबत काय आणायचे. भाजलेली बी घरगुती वापरापुरती आणायला अडचण नसते. कच्ची बी मात्र कुणी दिली तरी आणू नका, कारण वनस्पतींवरील रोगराई रोखण्याच्या नियमांत ती अडकते. पाकिटावरची भाजल्याची तारीख पाहा. हलकी भाजलेली कॉफी ताजी-ताजी उत्तम लागते हा गैरसमज आहे. दोन ते चार आठवडे मुरल्यावर ती उघडते, तेव्हा आठवड्यापूर्वी भाजलेले पाकीट घेऊन नाशिकला पोहोचल्यावर दहा-पंधरा दिवस बंदच ठेवलेत तर नुकसान काहीच नाही. घरी ग्राइंडर नसेल तर बी घेऊ नका, मिक्सरमध्ये तिची निम्मी पूड आणि निम्मी भरड होते आणि कडू व आंबट दोन्ही एकाच कपात येतात. त्याऐवजी एकेका कपाच्या ड्रिप बॅगा, म्हणजे कपावर अडकवून वरून गरम पाणी ओतायच्या पूड भरलेल्या पिशव्या घ्या. हारिओ या जपानी कंपनीचा व्ही-साठ हा कॉफी गाळण्याचा शंकू आणायचा असेल तर प्लास्टिकचाच आणा. चिनी मातीचा सुंदर दिसतो, पण पाण्याची उष्णता स्वतःच खातो, आणि बॅगेत फुटतो.

आणि पाणी. परदेशातून आणलेली कॉफी घरी ‘तशी’ लागत नाही, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे दर हिवाळ्यात दोन-चार जण तरी येतात, आणि बहुतेकांच्या बीत काही बिघडलेले नसते. टोकियोच्या नळाचे पाणी मृदू आहे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातला क्षार कॉफीतले आम्ल मारून टाकतो, म्हणजे ज्या फळाळ चवीसाठी पैसे मोजले तीच नाहीशी होते आणि खाली खडूसारखी चव उरते. निव्वळ आरओचे पाणीही चालत नाही, कारण चव ओढून घ्यायला त्यात खनिजेच पुरेशी नसतात. तीन भाग आरओ आणि एक भाग नळाचे पाणी अशा मिश्रणापासून सुरुवात करा. कप बोथट लागला तर नळाचे पाणी कमी करा, टोचरा व पोकळ लागला तर वाढवा.

एक छोटी गंमत जाता जाता. तिथल्या किंवा पुढे इथल्याही एखाद्या दुकानात ‘रत्नगिरी’ असे नाव पाकिटावर दिसले तर कोकणात कॉफी पिकू लागली असे समजू नका. तो कर्नाटकातल्या कोडगूमधला मळा आहे. महाराष्ट्रातली कॉफी म्हणायची तर ती विदर्भात, चिखलदऱ्याच्या डोंगरावर.

आणलेल्या बीत दूध-जायफळ घालून पाहू नये असे मी म्हणणार नाही, घरातली कॉफी घरच्यांनी कशी प्यावी हे ठरवणारा मी कोण. पण त्यासाठी लाम्ब्रची गडद बी वापरा. हलक्या भाजणीच्या कॉफीतले आम्ल गरम दुधात गेले की दूध फाटण्याची शक्यता असते, आणि मग सासूबाईंना टोकियोबद्दल जे मत होईल ते बदलणे अवघड जाईल.